बंगल्याचं लॉन सांभाळायचा धंदा: अलिबागच्या पट्ट्यात काय काय करावं लागतं

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या पट्ट्यात मालक मुंबईत राहतो आणि त्याचं गवत इथे वाढतं. या धंद्यातली कटकट तिथेच आहे आणि पैसाही तिथेच. मालक महिन्यातून एक-दोन शनिवार-रविवार येणार. मधल्या दिवसांत लॉन कसं होतं ते त्याला दिसत नाही. दिसतं ते एकदम, गाडीतून उतरल्या उतरल्या.

मी एका ब्रश कटरवर (खांद्याला अडकवून गवत कापायच्या मशीनवर) सुरुवात केली तेव्हा ‘गवत कापून देतो’ असं सांगत फिरायचो, आणि लोक गवत कापण्याचेच पैसे द्यायचे. आता वर्षाचा करार करतो. मधल्या काळात जे चुकत चुकत कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. गावात राहूनच काही करायचं आहे, थोडी शेतीची समज आहे आणि उन्हापावसाचं वावडं नाही, अशा माणसाला ते उपयोगी पडेल.

आधी पट्टा ठरवा

२०२० च्या मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला. माणसं गाडी घेऊन तास-दोन तासांत दारात पोहोचू लागली आणि आवास, सासवणे, झिराड, किहीम, थळ, नागाव, चौल इथे बंगले वाढत गेले. काम सगळीकडे आहे म्हणून सगळीकडे धावू नका. एक बंगला मांडव्याला, दुसरा काशिदला असं घेतलंत तर दिवसाचा निम्मा वेळ टेम्पोत जातो. दहा किलोमीटरच्या आत आठ-दहा बंगले जुळले की दोन गड्यांचं वर्षभराचं काम होतं. दापोली-गुहागरकडे बंगले विखुरलेले आहेत. तिकडे लॉनच्या जोडीला बागेचं आणि कलमांचंही काम धरावं लागेल.

पहिली पाहणी: टेप, मीटर आणि पहार

पहिल्या भेटीत दर सांगायचा नाही. मालक विचारणारच, फोनवरच विचारतो. ‘बघून दोन दिवसांत लिहून पाठवतो’ एवढंच म्हणा.

सोबत शंभर फुटी टेप घ्या. मालक ‘एक एकर आहे’ म्हणतो ते प्लॉटबद्दल असतं. घर, पोहायचा पूल, गाडीचा रस्ता आणि नारळाची वाडी वजा केली की ४० गुंठ्यांतलं लॉन नऊ-दहा गुंठे भरतं. मोजून कागदावर कच्चा नकाशा काढा आणि ऊन कुठे किती तास पडतं ते त्यावर लिहा. वाडीच्या सावलीत, सुरूच्या झाडाखाली, उत्तरेच्या भिंतीलगत हरळीचं लॉन धरत नाही. तिला सहा तास तरी ऊन लागतं.

मग माती. पहारेने चार ठिकाणी वीतभर खणून बघा. चढावरच्या बंगल्यात खाली जांभा लागतो, वर लाल मातीचा चार बोटं थर. पाणी झरझर जातं, माती आंबट. किनाऱ्यालगत पुळणीची वाळू असते, तिच्यात शिंपल्यांचा चुरा, त्यामुळे माती चुनखडीकडे झुकते आणि गवत लोहाअभावी पिवळं पडतं. खाडीच्या बाजूला खार जमिनीवर भराव टाकलेला असतो, तिथे मीठ खालून वर येतं. तिन्ही जमिनींना खत आणि पाणी वेगवेगळं लागतं. मातीचा नमुना तपासून घ्या. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहेच, रायगडवाल्यांना रोह्याचं कृषी विज्ञान केंद्र जवळ पडतं. आंबट माती म्हणून अंदाजाने चुना मारणारे पुष्कळ आहेत, अहवाल हातात येईपर्यंत तुम्ही मारू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाणी. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझं पहिलं मोठं काम यातच बुडालं.

किनाऱ्यापासून पाचेकशे पावलांवरचा बंगला होता. डिसेंबरात पाहणी केली, विहिरीचं पाणी चाखून बघितलं, गोड होतं. लॉन घातलं, फेब्रुवारीपर्यंत असं हिरवं की शेजारचा बंगलाही माझ्याकडे आला. एप्रिलच्या शेवटी पात्यांची टोकं तपकिरी दिसू लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून केअरटेकरला सांगितलं, ‘दादा, पंप अर्धा तास जास्ती चालवा.’ त्यांनी इमानेइतबारे चालवला. आठवड्याने जाऊन बघतो तर नळीखालची माती सुकल्यावर तिच्यावर पांढरी बुरशीसारखी साय. बोटाने उचलून जिभेला लावली. मीठ! विहीर उपसत गेली तसं खालून समुद्राचं पाणी शिरलं होतं, आणि मी तेच दुप्पट घालत होतो. पुढच्या शनिवारी मालक पाहुणे घेऊन आले. ते काही बोलले नाहीत, सोमवारी फक्त हिशेब मागितला.

तेव्हापासून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, खिशात असतो. छोटासा, पेनाएवढा. पाण्यात बुडवून आकडा वाचायचा. आकडा पीपीएममध्ये येतो. हजारच्या आत असेल तर काळजी नाही. हजार ते दोन हजारांत गवत जपून निवडा आणि अधूनमधून गोड्या पाण्याने मीठ खाली धुवा. दोन हजारांच्या वर गेलं की मीठ न सोसणारी गवतं हळूहळू खंगतात. आणि हे माप मे महिन्यातलं हवं. डिसेंबरात पाहणी करत असाल तर शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, ‘उन्हाळ्यात विहीर मचूळ होते का?’ त्यांना ते वर्षानुवर्षं ठाऊक असतं.

पाणी किती लागेल याचं गणित सोपं आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. उन्हाळ्यात लॉनला रोज पाचेक मिलिमीटर धरलं तर गुंठ्याला ५०० लिटर, दहा गुंठ्यांना ५,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर दोन दिवसांत संपतो. हा आकडा मालकाला पहिल्याच पत्रात लिहून द्या. त्यांना पैसे परवडतात हो, पण मे महिन्यात गावाच्या नळाला पाणी नसताना आपल्या फाटकात टँकर रांगेने उभे राहिलेले त्यांनाही आवडत नाहीत. अशा वेळी ‘दहाऐवजी चार गुंठे ठेवू, बाकी जांभ्याच्या फरशा आणि वाडी’ हा सल्ला बहुतेक जण ऐकतात. काम कमी झालं असं वाटतं, पण ते चार गुंठे टिकतात आणि तुम्हीही टिकता.

कोणतं गवत

मालक मासिकातला फोटो दाखवतो. फोटोत बहुधा मेक्सिकन गवत असतं. बारीक पात्यांचं, गादीसारखं. दिसतं सुंदर, वाढतं सावकाश, पण मुळांशी वाळक्या पात्यांचा जाड थर धरतं आणि आपल्या पावसात तो थर कुजतो. पाण्याचा निचरा उत्तम असेल तरच लावा. उघड्या उन्हाची, मुलं खेळणारी जागा असेल तर हरळीच्या जाती बऱ्या. तुडवलं तरी उठतात, मात्र कापणी जास्त. अर्धवट सावलीला रुंद पात्याचं बफेलो गवत चालतं, मीठही बरंच सोसतं. समुद्राला अगदी चिकटून, मचूळ पाण्यावर लॉन हवंच असेल तर पास्पॅलम. ते सगळ्या नर्सऱ्यांत मिळत नाही, आधी सांगून ठेवावं लागतं.

पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या बाजूने कार्पेटच्या लाद्या, म्हणजे मातीसकट कापलेले गवताचे तुकडे, ट्रकने येतात. गाडी रात्री भरून सकाळी पोहोचली पाहिजे, आणि त्याच दिवशी लाद्या अंथरून पाणी दिलं पाहिजे. थप्पी एक दिवस उन्हात राहिली की आतून गरम होते आणि मधल्या लाद्या पिवळ्या निघतात. लाद्या उतरवून घेताना उलटून बघा. लव्हाळ्याच्या गाठी दिसल्या तर ट्रक परत पाठवा, ड्रायव्हर कितीही कुरकुरला तरी. अंथरायला सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ चांगला. जुलैत चिखल होतो, मे महिन्यात पाणी नसतं.

दर कसा काढायचा

चौरस फुटाला इतके पैसे, असा बाजारभाव ऐकून दर देऊ नका. आपल्या फेऱ्या मोजा. उदाहरण म्हणून दहा गुंठ्यांचं लॉन घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत, तिथे तुमच्या गावचा रोज (एका गड्याची दिवसाची मजुरी) घाला.

पावसाळ्यात आठवड्याला एक, म्हणजे १६ कापण्या. ऑक्टोबर ते जानेवारी बारा दिवसांनी एक, म्हणजे १०. उन्हाळ्यात पंधरवड्याला, त्या ८. वर्षाच्या ३४ फेऱ्या. फेरीला दोन गडी अर्धा दिवस. रोज ८०० धरला तर ८०० रुपये, पेट्रोल-तार-धार २५०, येणंजाणं १५०, मशीनची झीज २००. फेरी १,४०० ला पडली, ३४ फेऱ्यांचे ४७,६००. पावसातल्या खुरपणीचे १२ रोज, ९,६००. झाले ५७,२००. यावर ४० टक्के तुमची देखरेख, फोन, वाया गेलेले दिवस आणि नफा. ८०,००० च्या आसपास आकडा येतो, महिन्याला साधारण ६,७००. खत, माती, टँकर आणि नवीन लाद्या यांचं बिल वेगळं, पावतीसकट.

झीज धरायला नवीन मुलं विसरतात. दोन वर्षांनी मशीन बसतं तेव्हा कळतं की आपण मशीनच विकून खाल्लं.

करार: पावसाळ्याचे पैसे

करार बारा महिन्यांचा आणि हप्ता दर महिन्याला सारखा. मालक म्हणणार, ‘जून ते ऑगस्ट आम्ही येतच नाही, त्या महिन्यांचे कशाला?’ म्हणणं चुकीचं नाही. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात, रो-रोही समुद्र खवळला की थांबते. पण तेच तीन महिने सोडले तर सप्टेंबरात लॉन राहत नाही. तिथे टाकळा, लाजाळू, लव्हाळा आणि कंबरभर गवत उभं असतं, आणि खालचं लॉन सावलीने मेलेलं. मी एका मालकाला सोडलेल्या बंगल्याचा आणि सांभाळलेल्या बंगल्याचा सप्टेंबरातला फोटो शेजारी शेजारी पाठवला होता. पुढे बोलायची गरज पडली नाही.

करारात साध्या मराठीत किंवा इंग्रजीत दोन पानं पुरतात, पण त्यात पाच गोष्टी हव्यात. लॉनचं मोजमाप. वर्षाच्या फेऱ्या. पाणी कोण देणार, आणि पाण्याचा टीडीएस दोन हजारांवर गेला तर जबाबदारी कोणाची. मांडव घातल्यावर झालेल्या नुकसानीचं वेगळं बिल. आणि वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा झाडं तर पडलीच, पण कित्येक गावांत पुढे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती आणि पंप बंद. साफसफाईचं ते काम महिन्याच्या हप्त्यात बसत नाही, रोजावर धरावं लागतं, आणि हे आधी लिहिलेलं असलं की वादळानंतर घासाघीस होत नाही. श्रीमंत गिऱ्हाईक दरावरून क्वचित सोडतं. आधी सांगितलं नव्हतं, म्हणून सोडतं.

सामान

सपाट लॉनला चाकांचं मशीन, चार स्ट्रोकचं, १८ ते २१ इंची. कडा आणि उतारांना ब्रश कटर. दोन स्ट्रोकचा असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल किती ते कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच घाला, अंदाजाने नाही. ब्रश कटरने पूर्ण लॉन कापू नका, गवत विंचरल्यासारखं न दिसता कुरतडल्यासारखं दिसतं. पातं बोथट असेल तर टोकं फाटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या लॉनवर करडी झाक येते. मालकाला कारण कळत नाही, पण ‘काहीतरी बिघडलंय’ हे बरोबर कळतं. दर आठ-दहा तासांच्या कामानंतर धार.

आपली हवा लोखंड खाते. संध्याकाळी मशीन गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पोटाखाली ऑइलचा बोळा फिरवायचा. आठवडाभर उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला दमट हवेत पाणी सुटतं आणि कार्बोरेटर तुंबतो. एका बंगल्यातून दुसऱ्यात जाताना चाकांची माती झाडा, लव्हाळा आणि रोग असेच फिरतात.

गड्यांना गमबूट आणि चष्मा द्या. कापणीपूर्वी काठीने कडा आपटत एक फेरी मारायची. घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्याकडे आहेत, आणि उंच गवताच्या कडेलाच असतात.

वर्षाचं काम

मे अखेर एक हलकी कापणी, चर मोकळे. पहिला वळीव झाला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात का बघा. ते हुमणीचे. त्यांची अंडी मातीत जातात आणि जुलै-ऑगस्टनंतर अळी मुळं खाते. लॉनवर साळुंक्या सारख्या टोचत असतील किंवा रानडुकरांनी नांगरल्यासारखं केलं असेल तर फूटभर चौकोन तीन बाजूंनी कापून घडी उलटा. पाच-सहाच्या वर पांढऱ्या वळलेल्या अळ्या दिसल्या तर उपाय करायची वेळ झाली. मी मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून ओल असताना टाकतो. विषारी औषध शेवटी, कारण शेजारी विहीर असते, मुलं अनवाणी फिरतात आणि मालकाचा कुत्रा गवतच चघळतो.

पावसाळ्यात कापणीची उंची वाढवा, दोन इंचांपर्यंत. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कधीच कापू नका. आठवडा चुकला आणि गवत वाढलं तर दोन फेऱ्यांत उतरवा. एका फेरीत उतरवलं की खालचा पिवळा दांडा उघडा पडतो. पाऊस थांबून चार तास झाले, पाय टाकल्यावर पाणी वर येत नाही, मगच मशीन आत. लव्हाळा नुसता उपटला तर गाठ खाली राहून पुन्हा उगवतो. खुरप्याने गाठीसकट काढा, महिन्यातून दोनदा, कंटाळा न करता. या एका कामावरून बरा माळी ओळखावा.

मुसळधार पावसाच्या दिवसांत युरिया टाकणं म्हणजे पैसे गटारात टाकणं. ऑक्टोबरात उघडीप मिळाली की गुंठ्याला अर्धा किलो युरिया, वरून लगेच पाणी. याच वेळी वरचा मातीचा थर द्या: चाळलेली माती, गांडूळखत आणि धुतलेली नदीची वाळू. पाच मिलिमीटरचा थर म्हणजे गुंठ्याला अर्धा घनमीटर, दहा गुंठ्यांना पावणेदोन ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आसपास. वाळू पावतीची. पुळणीवरून उचललेली वाळू मीठ आणते आणि तो गुन्हाही आहे. वाळूवरचं गवत पिवळं असेल तर हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) पाण्यात विरघळवून मारतो, चार-पाच दिवसांत रंग फिरतो. फक्त पूलच्या कडेला एक मीटर सोडून. पांढऱ्या फरशीवर थेंब पडला की गंजाचा डाग बसतो, हे मी स्वतःच्या खिशातून फरश्या बदलून देऊन शिकलोय.

डिसेंबर-जानेवारी हे या धंद्याचे दिवाळीचे दिवस, कारण मालक त्याच महिन्यांत सगळ्यांत जास्त येतात. फेब्रुवारीपासून पाणी पहाटे द्या, भर उन्हात नाही आणि रात्रीही नाही.

केअरटेकर

बंगला मालकाचा, पण लॉनवर रोज पाणी सोडणारा माणूस गावातला असतो. बहुतेकदा तो आणि त्याची बायको तिथेच राहतात. त्याला डावलून मालकाशी परस्पर बोललात तर नळी कधी वेळेवर सुरू होणार नाही. पहिल्या दिवशी चहा त्याच्याकडे घ्या, कोणता व्हॉल्व किती वेळ ते त्याच्याच वहीत लिहा, आणि चूक झाली तर मालकासमोर त्याच्यावर ढकलू नका. त्या मचूळ विहिरीच्या वेळी पंप दादांनी चालवला होता, पण सांगितलं मी होतं. मी ते मालकांना तसंच सांगितलं. काम गेलं, पण पुढची तीन कामं त्या दादांनीच मिळवून दिली.

शनिवार

कापणी गुरुवारी. शुक्रवारी कापली तर कापलेल्या गवताचा वास आणि कडेला कचरा राहतो, बुधवारी कापली तर टवटवी जाते. गुरुवारी संध्याकाळी त्याच जागेवरून, त्याच कोनातून तीन फोटो मालकाच्या व्हॉट्सॅपवर. जिथे बिघडलंय तिथला फोटो पहिला, खाली दोन ओळी: काय झालं, काय करतोय, कधी सुधारेल. शुक्रवारी रात्री येणारा ‘लॉन ठीक है ना?’ हा फोन यामुळे जवळपास बंद झाला.

पार्टी असेल तर कापणी दोन दिवस आधी, पाणी आदल्या दिवशी बंद, नाहीतर खुर्च्यांचे पाय रुततात आणि मॅडमच्या सँडल. मांडववाला येण्यापूर्वी जमिनीखालच्या पाइपांवर चुन्याच्या खुणा करा. तो पहार कुठेही ठोकतो. प्लास्टिकचं किंवा लाकडी फ्लोअरिंग एका रात्रीपुरतं ठीक, दोन दिवस राहिलं तर खालचं गवत शिजतं.

नाही म्हणायची कामं

‘कंपाउंडच्या बाहेर समुद्रापर्यंत लॉन वाढवून दे’ ही मागणी येतेच. भरतीरेषेलगतची जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात असते. तिथली मर्यादवेल, केवडा आणि वाळूचे उंचवटे काढायचे नसतात. लाटा अडवतात त्या याच गोष्टी, हेही मालकाला सांगा. खाडीकडच्या बंगल्यांत ‘समोरची तिवरं जरा छाटून टाक, व्ह्यू येईल’ असं अगदी सहज म्हणतात. कांदळवनाला हात लावला तर गुन्हा नोंदतो आणि नाव तुमचं लागतं, मुंबईतल्या माणसाचं नाही. मी ‘परवानगीचा कागद द्या, मग बघू’ एवढंच म्हणतो. कागद आजवर कोणी आणलेला नाही.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद) फुकट होते, करून घ्या. दुकाने-आस्थापनांची नोंद ऑनलाइन. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. बंगला कंपनीच्या नावावर असेल तर बिलातून टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, जाऊ शकतो, म्हणून पॅन द्या आणि वर्षअखेर आयकराचं रिटर्न भरून तो परत मागा. पाण्याचा टीडीएस आणि बिलाचा टीडीएस यात आमच्या एका गड्याचा अजून घोळ होतो.

बिल महिन्याच्या एक तारखेला, मालकाच्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या माणसाला. साहेबांकडे पैसे मागायची वेळ येऊ देऊ नका, त्यांना ते आठवतही नाही. आणि नवा करार ऑगस्टच्या मध्यात पाठवा. लाँचा सुरू व्हायच्या आधी सही झाली पाहिजे, कारण पहिल्या लाँचेने मालक येतो तेव्हा शेजारच्या बंगल्यातला माळी फाटकात उभाच असतो.